राजीव गांधी यांची राजकीय कारकीर्द : वारसा, बहुमत आणि पक्षसंघटना

सारांश :
स्वतंत्र भारताच्या इतिहासात लोकसभेतील सर्वांत मोठे बहुमत राजीव गांधी यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसला १९८४ मध्ये मिळाले आणि पाचच वर्षांत ते नाहीसे झाले. या चढउताराची कारणमीमांसा बहुधा व्यक्तीच्या गुणदोषांच्या आधारे केली जाते. प्रस्तुत लेखात ती वारसा आणि पक्षसंघटना यांच्या परस्परसंबंधातून करण्याचा प्रयत्न केला आहे. घराण्याच्या वारशाने पद मिळते, परंतु संघटना मिळत नाही. किंबहुना राजीव गांधी यांना वारशात पदाबरोबरच पोकळ झालेली संघटनाही मिळाली होती. कायदा व प्रशासन यांच्याद्वारे जे करता येण्याजोगे होते ते टिकले. ज्यासाठी गावपातळीवरील पक्ष आवश्यक होता ते कोसळले, असे या विवेचनाचे सूत्र आहे.

बीजसंज्ञा : घराणेशाही, पक्षसंघटना, पक्षांतरबंदी, पंचायत राज, काँग्रेस व्यवस्था.

प्रस्तावना :
लोकशाही आणि घराणेशाही या संकल्पना तत्त्वतः परस्परविरोधी आहेत. एकीत अधिकार मतदारांकडून येतो, दुसरीत तो जन्माने येतो. प्रत्यक्षात मात्र दक्षिण आशियातील अनेक देशांत या दोहोंची सांगड पडलेली दिसते. श्रीलंकेतील बंदरनायके, पाकिस्तानातील भुट्टो आणि भारतातील नेहरू-गांधी ही त्याची ठळक उदाहरणे होत. वारस म्हणून पुढे आलेला नेताही मतपेटीतूनच निवडून येतो, त्यामुळे केवळ घराणेशाही म्हणून त्याची कारकीर्द निकालात काढता येत नाही. उलट, तो निवडून आला एवढ्यावरून वारशाचा प्रश्न संपला असेही म्हणता येत नाही. वर्गात हा विषय शिकवताना गौरव आणि निषेध या दोन टोकांपैकी एकाकडे झुकण्याचा मोह होतो. या दोन्हींपेक्षा वेगळी वाट शोधण्यासाठी राजीव गांधी यांची केवळ दहा वर्षांची राजकीय कारकीर्द उपयुक्त ठरते. ती अल्प असल्यामुळे तिचा आरंभ, उत्कर्ष आणि उतार एकत्रितपणे पाहता येतो.

उद्दिष्टे व पद्धती :
राजीव गांधी यांच्या राजकीय उदयाचे स्वरूप स्पष्ट करणे, त्यांच्या प्रमुख निर्णयांचे टिकलेले व न टिकलेले असे वर्गीकरण करून त्यामागील कारणे शोधणे आणि त्यांतून वारसा व संघटना यांच्या संबंधाविषयी काही निष्कर्ष मांडणे ही लेखाची उद्दिष्टे आहेत. विवेचन दुय्यम साधनांवर आधारलेले असून वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

राजकारणातील प्रवेश (१९८० ते १९८४) :
राजीव गांधी यांचा जन्म २० ऑगस्ट १९४४ रोजी मुंबईत झाला. डून स्कूलमधील शिक्षणानंतर ते केंब्रिज येथील ट्रिनिटी कॉलेज व लंडनचे इंपीरियल कॉलेज येथे शिकले. मात्र पदवी त्यांनी घेतली नाही. पुढे ते इंडियन एअरलाइन्समध्ये वैमानिक झाले. कुटुंबाचा राजकीय वारस म्हणून धाकटे बंधू संजय गांधी यांच्याकडे पाहिले जात होते. २३ जून १९८० रोजी विमान अपघातात संजय यांचा मृत्यू झाला आणि राजीव यांना राजकारणात यावे लागले. संजय यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या अमेठी मतदारसंघातून जून १९८१ मध्ये ते दोन लाखांहून अधिक मतांच्या फरकाने लोकसभेवर निवडून आले. दिल्लीतील १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या तयारीत त्यांनी लक्ष घातले आणि १९८३ मध्ये ते पक्षाचे सरचिटणीस झाले.

या क्रमात एक बाब नजरेत भरते. गावपातळीवरील पक्षकार्य, तालुका वा जिल्हा समिती, नगरपालिका, विधानसभा यांपैकी एकही पायरी त्यांना चढावी लागली नाही. सामान्य कार्यकर्ता ज्या वर्षांत माणसे जोडतो, भांडणे मिटवतो, पराभव पचवतो, ती वर्षे त्यांच्या वाट्याला आली नाहीत. याचा परिणाम लवकरच दिसला. फेब्रुवारी १९८२ मध्ये हैदराबादच्या बेगमपेट विमानतळावर त्यांनी आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री टी. अंजय्या यांना सर्वांसमक्ष फटकारले. हा प्रसंग तेलुगू स्वाभिमानाचा प्रश्न बनला. पुढच्याच महिन्यात एन. टी. रामाराव यांनी तेलुगू देसम पक्ष स्थापन केला आणि जानेवारी १९८३ मध्ये त्या पक्षाने राज्यात सत्ता मिळवली. या विजयाचे सर्व श्रेय एका प्रसंगाला देणे योग्य होणार नाही. दिल्लीतून वारंवार मुख्यमंत्री बदलले जात असल्याचा रोषही त्यामागे होता. तथापि राज्यातील नेतृत्वाकडे पाहण्याची पक्षश्रेष्ठींची दृष्टी त्यातून उघड झाली.

सत्तांतर आणि अभूतपूर्व बहुमत :
३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधी यांची हत्या झाली. त्याच दिवशी सायंकाळी राष्ट्रपती झैलसिंग यांनी राजीव गांधी यांना पंतप्रधानपदाची शपथ दिली. १९६४ मध्ये पंडित नेहरू यांच्या आणि १९६६ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या निधनानंतर गुलझारीलाल नंदा यांनी हंगामी पंतप्रधान म्हणून काम पाहिले होते आणि त्यानंतर संसदीय पक्षाने नेता निवडला होता. १९८४ मध्ये हा संकेत पाळला गेला नाही. पक्षातील ज्येष्ठांनी त्यास उघड विरोध केला नाही, हे तितकेच महत्त्वाचे आहे. पक्षाकडे नेता निवडण्याची स्वतःची यंत्रणा उरली नसल्याचे ते लक्षण होते.

हत्येनंतर दिल्लीत शीखविरोधी हिंसाचार उसळला. शासकीय आकडेवारीनुसार एकट्या दिल्लीत २,७३३ जणांचा बळी गेला. मोठा वृक्ष कोसळला की धरणी हादरते, अशा आशयाचे जे उद्‌गार नव्या पंतप्रधानांनी १९ नोव्हेंबर १९८४ रोजी काढले, ते त्यांच्या कारकिर्दीवरील कायमचा डाग ठरले. या हिंसाचारात काँग्रेसच्या स्थानिक नेत्यांवर आरोप झाले. २००५ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी संसदेत खेद व्यक्त केला आणि २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने माजी खासदार सज्जनकुमार यांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. नागरिकांचे संरक्षण करणे हे शासनाचे पहिले कर्तव्य होय. ते पहिल्याच दिवसांत पार पडले नाही, याची नोंद कोणत्याही मूल्यमापनात अग्रक्रमाने करावी लागते.

डिसेंबर १९८४ च्या निवडणुकीत काँग्रेसला ५१४ पैकी ४०४ जागा आणि सुमारे ४९ टक्के मते मिळाली. भारतीय जनता पक्षाला केवळ २ जागा मिळाल्या. या बहुमतात सहानुभूती होती, देशाच्या ऐक्याविषयीची चिंता होती, तसेच तरुण आणि स्वच्छ प्रतिमेच्या नेत्याविषयीची आशाही होती. मात्र हे मतदान पक्षाच्या बांधणीचे फळ नव्हते. त्याचा पुरावा तीन महिन्यांतच मिळाला. कर्नाटकात लोकसभेच्या २८ पैकी २४ जागा जिंकणाऱ्या काँग्रेसचा मार्च १९८५ च्या विधानसभा निवडणुकीत रामकृष्ण हेगडे यांच्या जनता पक्षाने पराभव केला. मतदार केंद्रातील नेता आणि राज्यातील पक्ष यांत स्पष्ट फरक करत होता.

कायदा व प्रशासन यांद्वारे झालेले कार्य :
संसदेतील बहुमत आणि नोकरशाही यांच्या बळावर जे निर्णय अमलात आणता येतात, त्यांत राजीव गांधी यांचे कर्तृत्व निर्विवादपणे दिसते. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. १९६७ नंतरच्या आयाराम-गयाराम राजकारणाला तिने आळा घातला. एक तृतीयांश सदस्यांनी केलेली फूट मात्र वैध ठरवण्यात आली होती. ही पळवाट २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने बंद झाली. ६१ व्या घटनादुरुस्तीने मताधिकाराचे वय २१ वरून १८ वर आले आणि २८ मार्च १९८९ पासून ही तरतूद अमलात आली. १९८५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी वैयक्तिक प्राप्तिकराचा कमाल दर सुमारे ६२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणला. सॅम पित्रोदा यांच्या सहकार्याने दूरसंचार, पेयजल, लसीकरण, साक्षरता, तेलबिया आदी क्षेत्रांत तंत्रज्ञान अभियाने सुरू झाली.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण हा या काळाचा सर्वांत जवळचा वारसा आहे. जवाहर नवोदय विद्यालये आणि खडू-फळा मोहीम ही त्याची शालेय स्तरावरील अंगे होत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ त्याआधी १९८५ मध्ये स्थापन झाले होते. उच्च शिक्षणात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अर्थसाहाय्याने अकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली, उद्बोधन व उजळणी वर्ग सुरू झाले आणि १९८९ मध्ये अधिव्याख्यातापदासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षा घेण्यात आली. या संस्थांच्या गुणवत्तेविषयी मतभेद असू शकतात. परंतु सरकारे बदलूनही त्या चालू राहिल्या. त्यांचे अस्तित्व कोणत्याही एका नेत्यावर अवलंबून नव्हते, हेच त्यांच्या टिकाऊपणाचे कारण आहे.

संघटना आवश्यक असलेले निर्णय :
दुसऱ्या वर्गातील निर्णयांची कथा वेगळी आहे. २४ जुलै १९८५ रोजी संत हरचंदसिंग लोंगोवाल यांच्याशी पंजाब करार झाला. १५ ऑगस्ट १९८५ रोजी आसाम करार आणि ३० जून १९८६ रोजी मिझो करार झाला. पक्षाचे तात्कालिक नुकसान पत्करून देशहिताचा निर्णय घेण्याची तयारी या करारांत दिसते. पंजाबात अकाली दल, आसामात आसाम गण परिषद आणि मिझोराममध्ये मिझो नॅशनल फ्रंट यांच्याकडे सत्ता गेली व काँग्रेसने ते मान्य केले. मिझोराममधील शांतता टिकली, ही त्या काळातील मोठी उपलब्धी होय.

पंजाबात मात्र तसे घडले नाही. करारानंतर महिन्याच्या आतच, २० ऑगस्ट १९८५ रोजी, लोंगोवाल यांची हत्या झाली. चंदीगड २६ जानेवारी १९८६ रोजी पंजाबला द्यायचे होते. त्याच्या मोबदल्यात हरियाणाला कोणती गावे द्यावीत यावर तोडगा निघाला नाही आणि हस्तांतरण लांबणीवर पडले. आपल्याच पक्षाच्या हरियाणातील नेतृत्वाला आणि मतदारांना हा तोडगा पटवून देणारी यंत्रणा काँग्रेसकडे नव्हती. मे १९८७ मध्ये सुरजितसिंग बर्नाला यांचे सरकार बरखास्त झाले. ज्या हरियाणाचा रोष टाळायचा होता, तेथेही जून १९८७ मध्ये देवीलाल यांनी काँग्रेसला विधानसभेच्या ९० पैकी अवघ्या ५ जागांवर आणले. करारही गेला आणि राज्यही गेले.

शाहबानो प्रकरणात हाच दोष अधिक ठळकपणे दिसतो. सर्वोच्च न्यायालयाने २३ एप्रिल १९८५ रोजी दिलेल्या पोटगीविषयक निकालाचे समर्थन प्रथम राज्यमंत्री आरिफ मोहम्मद खान यांनी लोकसभेत केले. पुढे धार्मिक संघटनांच्या विरोधापुढे सरकारने माघार घेतली, १९८६ मध्ये मुस्लिम महिला (घटस्फोटावरील हक्कांचे संरक्षण) कायदा केला आणि खान यांनी राजीनामा दिला. त्याच सुमारास, १ फेब्रुवारी १९८६ रोजी, फैजाबाद जिल्हा न्यायालयाच्या आदेशाने अयोध्येतील वास्तूचे कुलूप उघडले गेले. ९ नोव्हेंबर १९८९ रोजी तेथे शिलान्यास झाला. समाजात मुरलेला पक्ष असता तर समाजातील विविध प्रवाहांचा, विशेषतः मुस्लिम स्त्रियांचा आवाज पक्षामार्फतच वर पोहोचला असता. तो मार्ग क्षीण झाल्यामुळे धार्मिक संघटनांचा आवाज हाच समाजाचा आवाज मानला गेला. दोन्ही बाजूंना खूश करण्याच्या प्रयत्नात दोन्हींचा विश्वास कमी झाला.

मुंबई अधिवेशन आणि न झालेल्या निवडणुका :
संघटनेच्या या दुखण्याची जाणीव राजीव गांधी यांना नव्हती, असे म्हणता येत नाही. डिसेंबर १९८५ मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या शताब्दी अधिवेशनात त्यांनी सत्तेच्या दलालांवर कठोर टीका केली. जनतेचा पक्ष दलालांच्या हाती गेला आहे, हे निदान स्वतः पक्षाध्यक्षांनी केले, ही असाधारण गोष्ट होती. उपाय म्हणून पक्षांतर्गत निवडणुका घेण्याचे जाहीर झाले. १९७२ नंतर अशा निवडणुका झाल्याच नव्हत्या. राजीव यांच्या कारकिर्दीतही त्या झाल्या नाहीत.

याचे कारण वारशाच्या स्वरूपात आहे. १९६९ च्या फुटीनंतर इंदिरा गांधी यांनी पक्षाचे केंद्रीकरण केले, प्रांतिक समित्या व मुख्यमंत्री दिल्लीतून नेमले जाऊ लागले आणि निष्ठा हाच निकष झाला. राजीव यांना मिळालेले पद याच रचनेने दिले होते. पक्षात खऱ्या निवडणुका झाल्या असत्या तर दलाल हटले असते. परंतु वरून नेमणुका करण्याचा श्रेष्ठींचा अधिकारही संपला असता. ज्या फांदीवर बसलो तीच तोडणे कोणत्याही नेत्याला अवघड असते. परिणामी सुधारणेची भाषा झाली आणि कार्यपद्धती जुनीच राहिली.

महाराष्ट्राचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. सहकार, जिल्हा परिषदा आणि शिक्षणसंस्था यांच्या जाळ्यामुळे येथील काँग्रेस इतर अनेक राज्यांपेक्षा भक्कम होती. तरीही जून १९८५ ते जून १९८८ या तीन वर्षांत वसंतदादा पाटील, शिवाजीराव पाटील निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि शरद पवार असे चार मुख्यमंत्री राज्याने पाहिले. शरद पवार यांनी डिसेंबर १९८६ मध्ये तत्कालीन औरंगाबाद येथे राजीव गांधी यांच्या उपस्थितीत काँग्रेसमध्ये पुनःप्रवेश केला होता. स्थानिक बळ असलेल्या नेत्याला परत घ्यावे लागणे, ही केवळ वरून केलेल्या नेमणुकांनी पक्ष चालत नसल्याची अप्रत्यक्ष कबुलीच होती.

बोफोर्स आणि विश्वासाचा ऱ्हास :
मार्च १९८६ मध्ये स्वीडनच्या बोफोर्स कंपनीकडून ४१० तोफा घेण्याचा सुमारे १,४३७ कोटी रुपयांचा करार झाला. या व्यवहारात दलाली दिली गेल्याचे वृत्त १६ एप्रिल १९८७ रोजी स्वीडिश रेडिओने दिले. त्याच महिन्यात विश्वनाथ प्रताप सिंह संरक्षणमंत्रिपदावरून बाहेर पडले होते. जुलैमध्ये त्यांना पक्षातून काढण्यात आले. जून १९८८ मध्ये अलाहाबादची पोटनिवडणूक जिंकून ते विरोधकांचे केंद्र बनले. दिल्ली उच्च न्यायालयाने ४ फेब्रुवारी २००४ रोजी राजीव गांधी यांच्यावरील लाचखोरीचे आरोप रद्द केले. परंतु त्यांच्या हयातीत हा निर्णय आला नाही. ज्याचे मुख्य भांडवल वैयक्तिक प्रतिमा हेच असते, त्याच्या प्रतिमेला तडा गेला की आधाराला दुसरे काही उरत नाही. १९८८ मध्ये आणलेले बदनामीविषयक विधेयक वृत्तपत्रांच्या विरोधामुळे मागे घ्यावे लागले. श्रीलंकेत २९ जुलै १९८७ च्या करारानंतर पाठवलेल्या शांतिसेनेचे सुमारे १,२०० जवान मृत्युमुखी पडले आणि उद्दिष्ट साध्य न होताच मार्च १९९० मध्ये ती परतली. याउलट डिसेंबर १९८८ च्या चीनभेटीने दीर्घकाळ गोठलेले संबंध पुन्हा सुरू झाले.

पंचायत राज : उशिरा उमगलेला उपाय :
१५ मे १९८९ रोजी मांडलेले ६४ वे घटनादुरुस्ती विधेयक हा राजीव गांधी यांचा सर्वांत दूरगामी विचार होय. विकासासाठी खर्च होणाऱ्या रुपयातील थोडाच अंश गरिबांपर्यंत पोहोचतो, ही खंत त्यांनी जाहीरपणे मांडली होती. नियमित निवडणुका, स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा या तरतुदी विधेयकात होत्या. केंद्र आणि राज्य यांच्यातील लोकप्रतिनिधी काही हजार, तर पंचायतींतील लाखो, हा त्यामागील विचार होता. नेतृत्वाची जी पायरी स्वतः त्यांच्या वाट्याला आली नव्हती, तीच ते घटनेत बसवू पाहत होते.

तथापि हे विधेयक मांडण्याची पद्धत पुन्हा केंद्रीकृतच होती. राज्यांना डावलून दिल्ली थेट गावाशी नाते जोडू पाहते, असा आक्षेप विरोधी पक्षांच्या सरकारांनी घेतला. पंचायतींच्या निवडणुका केंद्रीय निवडणूक आयोगाकडे सोपवण्याची तरतूद या शंकेला पुष्टी देणारी होती. लोकसभेत संमत झालेले विधेयक १३ ऑक्टोबर १९८९ रोजी राज्यसभेत थोड्या मतांनी फेटाळले गेले. राज्यांच्या विधानसभांत गमावलेल्या जागांची किंमत येथे मोजावी लागली. पुढे पी. व्ही. नरसिंह राव यांच्या काळात राज्य निवडणूक आयोगाची तरतूद करून ७३ वी घटनादुरुस्ती संमत झाली व २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. बहुमत नसलेल्या सरकारने सहमतीने ते साध्य केले, जे ४०४ जागांच्या सरकारला साधले नव्हते.

पराभव आणि अखेर :
नोव्हेंबर १९८९ च्या निवडणुकीत काँग्रेसला सुमारे ३९.५ टक्के मते आणि १९७ जागा मिळाल्या. मते दहा टक्क्यांच्या आसपास घटली, पण जागा निम्म्याहून कमी झाल्या. बिहार, उत्तर प्रदेश या राज्यांत विरोधक एकत्र येताच पक्षाचा पाया किती अरुंद झाला आहे ते दिसले. विरोधी पक्षनेते म्हणून आणि नंतर १९९१ च्या प्रचारात ते लोकांत अधिक मिसळू लागले. कदाचित कारकिर्दीच्या आरंभी जे शिकायचे राहिले होते ते शिकण्याची ती संधी होती. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे त्यांची हत्या झाली. पक्षाच्या कार्यकारिणीने लगेच अध्यक्षपद सोनिया गांधी यांना देऊ केले. त्यांनी ते नाकारले. पक्षांतर्गत निवडणुका अखेर १९९२ मध्ये झाल्या.

निष्कर्ष :
१. घराण्याचा वारसा नेत्याला शिखरावर पोहोचवतो. परंतु वाटेतील प्रशिक्षण आणि माणसांचे जाळे तो देऊ शकत नाही.
२. लाटेतून मिळालेले बहुमत संघटनेची दुर्बलता झाकते, दूर करत नाही.
३. राजीव गांधी यांचे जे निर्णय संस्था व कायदे यांच्या रूपात स्थिरावले ते टिकले. ज्यांना समाजात रुजवणारा पक्ष हवा होता ते बहुतांशी अपयशी ठरले.
४. संघटनेच्या रोगाचे अचूक निदान करूनही उपचार न होणे, हा केवळ व्यक्तीचा दोष नसून वारशावर उभ्या असलेल्या सत्तारचनेचा अंगभूत दोष आहे.

१९८४ नंतर लोकसभेत एका पक्षाला स्पष्ट बहुमत मिळण्यास २०१४ साल उजाडावे लागले. या तीस वर्षांत आणि त्यानंतरही वारशाचे राजकारण एका पक्षापुरते राहिले नाही. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत बहुतेक सर्व पक्षांत ते रुजले आहे. त्यामुळे वारस कोण आहे यापेक्षा त्याला निवडणारा, प्रश्न विचारणारा आणि प्रसंगी बदलणारा पक्ष अस्तित्वात आहे काय, हा प्रश्न अधिक मूलभूत ठरतो. विद्यार्थ्यांसमोर ही कारकीर्द मांडताना तो प्रश्न केंद्रस्थानी ठेवणे इष्ट होईल.